सवीर्यतावधी आणि रेषेचा चढ : फार्मसीतील नोंदींचा संगणकावर उपयोग

आचार्य शार्ङ्गधरांनी आपल्या संहितेच्या पूर्वखंडात, पहिल्याच अध्यायात, कल्पांच्या सवीर्यतावधीचा विचार केला आहे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होऊ लागते, गुटी व लेह एका वर्षानंतर. उलट आसव, धातू व रस हे जुने झाले असता अधिक गुणवान होतात, असा त्या वचनाचा आशय आहे. वीर्यहानी कालानुसार होते आणि तिचा वेग प्रत्येक कल्पाचा निराळा असतो, ही दोन तत्त्वे त्यात स्पष्ट आहेत. ग्रंथकारांनी हा वेग प्रदीर्घ अनुभवातून ओळखला. आज औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १६१-ब अन्वये आयुर्वेदीय औषधांच्या लेबलवर अंतिम तारीख छापावी लागते. ती तारीख नियमाच्या चौकटीत असली पाहिजे, हे खरेच. परंतु आपली फार्मसी, आपले पॅकिंग आणि आपला माल त्या तारखेपर्यंत टिकतो की नाही, हे नियम सांगू शकत नाही. ते आपल्याच नोंदींवरून ठरवावे लागते.

चूर्णाची आर्द्रता, तेलाचा आम्लांक, जलविद्राव्य सत्त्वाचे प्रमाण अशा नोंदी ठेवणाऱ्या फार्मसी आहेत. मात्र या नोंदी पुष्कळदा परीक्षणाच्या वहीतच राहतात. प्रत्येक आकडा मर्यादेच्या आत आहे एवढे पाहिले जाते आणि पान उलटले जाते. त्या आकड्यांमधून बदलाचा वेग काढला, तर तीच वही पुढे काय होणार आहे याचीही कल्पना देते. हा वेग काढण्याची सोपी रीत म्हणजे नोंदींना सर्वाधिक जुळणारी सरळ रेषा काढणे आणि तिचा चढ मोजणे. प्रस्तुत लेखात ही रीत संगणकावर कशी करावी आणि तिच्यावर कोठवर विसंबावे, याचा विचार आम्ही करीत आहोत.

चढ म्हणजे काय?

शालेय भूमितीत आपण रेषेचा चढ शिकलो आहोत. आडव्या अक्षावर एक एकक पुढे गेले असता रेषा उभ्या अक्षावर जितकी वर जाते, तो तिचा चढ. आडव्या अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर आर्द्रतेची टक्केवारी असेल, तर चढ म्हणजे दरमहा वाढणारी आर्द्रता. चढाला नेहमी एकक असते आणि ते लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ राहत नाही. आर्द्रता वाढत असेल तर चढ धन येतो, कार्यकारी घटक घटत असेल तर ऋण येतो.

रेषेला दुसरीही एक संख्या असते. शून्य महिन्याला, म्हणजे पॅकिंगच्या दिवशी, रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते ते मूल्य. त्यास आपण आरंभमूल्य म्हणू. आरंभमूल्य आणि चढ या दोन संख्या मिळाल्या की संपूर्ण रेषा मिळाली.

एक उदाहरण

लवणभास्कर चूर्ण घेऊ. यात समुद्रलवण, सौवर्चल, बिड व सैंधव ही लवणे असल्याने हे चूर्ण हवेतील ओलावा चटकन शोषते, याचा अनुभव प्रत्येक वैद्याला आहे. समजा, एकाच बॅचचे चूर्ण दोन प्रकारे भरले. काही माल प्लॅस्टिकच्या डबीत आणि काही माल आतून ॲल्युमिनियमचा पदर असलेल्या बंद पुडीत. दोन्ही एकाच कपाटात, सारख्या तापमानात व सारख्या आर्द्रतेत ठेवले. दरमहा नवी डबी व नवी पुडी उघडून, १०५ अंश सेल्सिअसवर स्थिर वजन येईपर्यंत वाळवून, वजनातील घट टक्क्यांत मोजली. पुढील आकडे केवळ रीत समजावण्यासाठी आम्ही रचलेले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष बॅचचे नाहीत.

महिना ० : डबी ४.१, पुडी ४.१
महिना १ : डबी ४.५, पुडी ४.१
महिना २ : डबी ४.६, पुडी ४.३
महिना ३ : डबी ५.१, पुडी ४.२
महिना ४ : डबी ५.३, पुडी ४.४
महिना ५ : डबी ५.८, पुडी ४.५
महिना ६ : डबी ६.०, पुडी ४.४

फार्मसीने आपल्यापुरती ८ टक्के ही वरची मर्यादा ठरवली आहे, असेही धरू. प्रश्न असा की डबीतील चूर्ण ही मर्यादा केव्हा गाठील?

दोनच नोंदी घेऊन उत्तर काढण्याचा मोह होतो. पहिल्या व तिसऱ्या नोंदीवरून दोन महिन्यांत ०.५ टक्के, म्हणजे दरमहा ०.२५ वाढ दिसते. त्या वेगाने मर्यादा गाठण्यास साडेपंधरा महिन्यांहून थोडा अधिक काळ लागेल. दुसऱ्या व तिसऱ्या महिन्याच्या नोंदी घेतल्या तर वाढ दरमहा ०.५ येते आणि मुदत आठ महिन्यांच्याही आत येते. चूर्ण तेच, वही तीच, पण उत्तरात दुपटीचा फरक! वजनकाट्यातील, नमुन्यातील व वाळवण्यातील लहानसहान चुका प्रत्येक नोंदीत असतात, आणि दोनच नोंदी घेतल्या की त्या चुका थेट उत्तरात उतरतात. सर्व नोंदींना एकत्र बोलू देणे हाच यावरील उपाय होय.

सर्वाधिक जुळणारी रेषा

सातही बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाऊ शकत नाही. कोणतीही रेषा काढली तरी काही बिंदू तिच्या वर राहतील, काही खाली. प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर मोजावे, त्याचा वर्ग करावा आणि सर्व वर्गांची बेरीज घ्यावी. ज्या रेषेसाठी ही बेरीज सर्वांत लहान येते, ती सर्वाधिक जुळणारी रेषा. वर्ग केल्यामुळे वरची व खालची अंतरे एकमेकांना खोडून काढीत नाहीत आणि मोठ्या अंतराला अधिक वजन मिळते. लघुतम वर्गांची ही रीत फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली. १८०९ साली जर्मन गणिती गाउस यांनी ग्रहगतीवरील आपल्या ग्रंथात ती मांडली. आकाशस्थ गोलांच्या कक्षा ठरवण्यासाठी वाढलेली ही रीत आज चूर्णाच्या डबीलाही तितकीच लागू पडते.

हाताने हे गणित करण्यास अर्धा तास लागतो. संगणकावर ते क्षणात होते.

संगणकावरील कृती

मायक्रोसॉफ्ट एक्सेल किंवा विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क, दोहोंपैकी कोणतेही चालेल.

१) पहिल्या, म्हणजे ए स्तंभात महिने लिहावेत आणि दुसऱ्या, म्हणजे बी स्तंभात आर्द्रता. पहिल्या ओळीत शीर्षके देऊन आकडे दुसऱ्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत येतील असे पाहावे. आर्द्रता ४.५ अशीच लिहावी. पुढे टक्क्याचे चिन्ह दिल्यास संगणक तो आकडा ०.०४५ असा धरतो आणि चढ शंभरपट लहान येतो.

२) दोन्ही स्तंभ निवडून 'इन्सर्ट' मधून 'स्कॅटर' हा आलेख घ्यावा. 'लाइन' हा आलेख घेऊ नये. कारण पुढे सांगितले आहे.

३) आलेखावरील एखाद्या बिंदूवर माउसची उजवी कळ दाबून 'ॲड ट्रेंडलाइन' निवडावे. कॅल्कमध्ये याच ठिकाणी 'इन्सर्ट ट्रेंड लाइन' असे येते. प्रकार 'लिनिअर' ठेवावा आणि समीकरण व आर-वर्ग आलेखावर दाखवण्याच्या दोन्ही चौकटींत खूण करावी.

४) तेच उत्तर थेट आकड्यांत हवे असल्यास रिकाम्या कप्प्यात =स्लोप(बी२:बी८,ए२:ए८) हे सूत्र टंकावे. हा शब्द व स्तंभांची नावे अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकावयाची आहेत. आरंभमूल्यासाठी 'इंटरसेप्ट' आणि आर-वर्गासाठी 'आरएसक्यू' ही सूत्रे याच क्रमाने वापरावीत. कंसात उभ्या अक्षाचा स्तंभ आधी येतो, हे ध्यानात ठेवावे. क्रम उलटला तर आपल्या उदाहरणात ०.३२ ऐवजी ३.०६ असा आकडा येतो, आणि संगणक कोणतीही तक्रार करीत नाही.

डबीसाठी उत्तर असे येते : आरंभमूल्य ४.०९ टक्के, चढ दरमहा ०.३२१ टक्के, आर-वर्ग ०.९८५. मर्यादा गाठण्याचा काळ = (८ − ४.०९) ÷ ०.३२१, म्हणजे सुमारे १२.२ महिने.

पुडीसाठी आरंभमूल्य तेच, ४.०९, चढ मात्र दरमहा केवळ ०.०६४. म्हणजे डबीत ओलावा शिरण्याचा वेग पुडीच्या पाचपट आहे. पॅकिंगवर होणारा अधिक खर्च योग्य की अयोग्य, याविषयी मालक व वैद्य यांच्यात जी चर्चा एरवी केवळ अंदाजाने होते, तिला या एका आकड्याने आधार मिळतो. आमच्या मते चढाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. दोन पॅकिंग, दोन पुरवठादारांची द्रव्ये, वाळवण्याच्या दोन पद्धती यांची तुलना त्यामुळे नेमकी होते.

आर-वर्गाचा अर्थ

पुडीचा आर-वर्ग ०.७८ येतो, डबीचा ०.९८५. यावरून डबी चांगली असा अर्थ कोणी काढला तर तो सर्वथा चुकीचा ठरेल. नोंदींमधील एकूण चढउतारापैकी किती भाग रेषेने उलगडतो, एवढेच आर-वर्ग सांगतो. पुडीत आर्द्रता जवळजवळ बदललीच नाही. तेव्हा जो अल्पसा चढउतार दिसतो त्यात मोजणीतील चुकांचा वाटा मोठा आहे, म्हणून आर-वर्ग कमी. आर-वर्ग हे औषधाच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. तो एकच्या जवळ आला म्हणजे संबंध सरळ रेषेचाच आहे, असेही सिद्ध होत नाही. किंचित वाकलेल्या मालिकेलाही ०.९८ सहज मिळतो. म्हणून आकडा वाचण्यापूर्वी आलेख डोळ्यांनी पाहावा. बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असले तर ठीक. सुरुवातीला खाली, मध्ये वर आणि शेवटी पुन्हा खाली अशी कमान दिसली, तर सरळ रेषा तेथे लागू नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

'लाइन' आलेखात आडव्या अक्षावरील आकडे संगणक केवळ नावे म्हणून घेतो आणि नोंदी एक, दोन, तीन अशा समान अंतरावर मांडतो. नोंदी ०, १, ३ व ६ या महिन्यांच्या असतील तर घोटाळा होतो. डबीच्या या चार नोंदींचा खरा चढ ०.३१ आहे, 'लाइन' आलेखावर तो ०.६३ दिसतो. सवीर्यतावधी निम्मा झाला, आणि तोही एका चुकीच्या बटणामुळे.

एखाद्या महिन्याची नोंद राहिली असेल तर कप्पा रिकामा सोडावा. तेथे शून्य लिहिल्यास त्या महिन्यात आर्द्रता शून्य होती असे संगणक धरतो.

महिन्यांऐवजी तारखा लिहिल्यास चढ दर दिवसाचा येतो, आणि आलेखावरील समीकरणात तो ०.०१ असा अपुरा छापला जाऊ शकतो. त्यासाठी समीकरणातील दशांश स्थळे वाढवून घ्यावीत, किंवा 'स्लोप' सूत्राचेच उत्तर वापरावे.

रेषा शून्यातून जाण्याची सक्ती करणारी 'सेट इंटरसेप्ट' ही सोय येथे वापरू नये. पॅकिंगच्या दिवशी चूर्णात ४.१ टक्के आर्द्रता होतीच. सक्ती केल्यास डबीचा चढ १.२७ येतो आणि चूर्ण साडेसहा महिन्यांच्या आतच मर्यादा गाठील, असा खोटा निष्कर्ष निघतो.

रेषा कोठवर वाढवावी?

हा भाग विशेष काळजीने वाचावा, अशी विनंती आहे. पुडीच्या रेषेवरून मर्यादा गाठण्याचा काळ काढला तर सुमारे ६१ महिने येतात, म्हणजे पाच वर्षे! गणितात चूक नाही. तरीही सहा महिन्यांच्या नोंदींवर पाच वर्षांचे भाकीत करणे हे नाडी एकदा पाहून पुढील पाच वर्षांचे पथ्य लिहून देण्यासारखे आहे. नोंदींच्या पलीकडे रेषा वाढवताना, जे आजवर घडले तेच पुढेही घडत राहील, असे आपण गृहीत धरतो. पुडीची शिवण सहा महिन्यांनंतर सैल झाली, तर ते गृहीतक कोसळते.

आधुनिक औषधांच्या स्थिरतेविषयी आंतरराष्ट्रीय समन्वय परिषदेच्या २००३ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी, म्हणजे क्यू१ई ने, याबाबत संयम सांगितला आहे. अनुकूल स्थितीतही दीर्घकालीन नोंदींच्या दुपटीपर्यंत, आणि नोंदींपलीकडे फार तर बारा महिने, एवढीच मुभा त्या देतात. या सूचना आयुर्वेदीय कल्पांसाठी लिहिलेल्या नाहीत. त्यांतील संयम मात्र आपणही घ्यावा असे आम्हास वाटते. त्या हिशेबाने सहा महिन्यांच्या नोंदींवर पुडीलाही आज फार तर बारा महिने. पुढील नोंदी जसजशा येतील तसतशी मुदत नियमाच्या चौकटीत वाढवता येईल.

याच सूचनांतील दुसरी शिकवण अशी की मुदत रेषेवरून न वाचता रेषेच्या विश्वासमर्यादेवरून वाचावी. सात नोंदींवरून काढलेल्या चढातही थोडी अनिश्चितता असतेच, आणि नोंदींपासून जितके दूर जावे तितकी ती वाढते. 'स्टेयेक्स' हे सूत्र रेषेभोवतीचा विखुरलेपणा देते. डबीसाठी तो ०.०९४ आहे. सात नोंदींकरिता एकतर्फी ९५ टक्के विश्वासाचा गुणक २.०१५ आहे; तो =टीआयएनव्ही(०.१,५) या सूत्राने मिळतो. इच्छित महिन्यातून नोंदींचा सरासरी महिना, येथे ३, वजा करून वर्ग करावा. त्यास 'डेव्हएसक्यू' सूत्राने महिन्यांच्या स्तंभावरून मिळणाऱ्या २८ ने भागावे. त्यात १/७ मिळवून वर्गमूळ घ्यावे. या तिन्ही संख्यांचा गुणाकार रेषेवरील मूल्यात मिळवला की वरची विश्वासमर्यादा मिळते. डबीसाठी बाराव्या महिन्यास रेषा ७.९५ दाखवते, परंतु वरची मर्यादा ८.२८ आहे. अकराव्या महिन्यास हेच आकडे ७.६३ व ७.९२ येतात. तेव्हा रेषा बारा महिने सांगत असली, तरी सावध वाचन अकरा महिन्यांचेच आहे. कार्यकारी घटक घटत असेल तेव्हा याच रीतीने खालची मर्यादा पाहावी.

निसर्ग सरळ रेषेत चालतोच असे नाही

वरील उदाहरणात कपाटातील हवा वर्षभर सारखी धरली आहे. रत्नागिरी किंवा पणजीच्या दुकानातील फळीवर आषाढ-श्रावणात ओलावा वाढेल आणि उन्हाळ्यात आत शिरलेला ओलावा काही अंशी बाहेरही पडेल. अशा नोंदींवर एकच रेषा काढली तर तिचा चढ कोणत्याच ऋतूचे खरे चित्र देणार नाही. फाल्गुन ते ज्येष्ठ या काळातील नोंदींवरून काढलेला चढ पावसाळ्यात फसवेल, हे सांगणे नकोच. म्हणून नियंत्रित कपाटातील नोंदी आणि प्रत्यक्ष दुकानातील नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. दुकानातील नोंदींमध्ये पावसाळा आलाच पाहिजे.

चूर्ण ओलावा शोषते तेही अमर्याद नाही. बाहेरील हवेशी समतोल साधला की वेग मंदावतो आणि रेषा आडवी होऊ लागते. कार्यकारी घटकाची घट पुष्कळदा उरलेल्या प्रमाणाच्या हिशेबाने होते. तेथे मूळ आकड्यांऐवजी त्यांचा लॉगरिथम घेतला की बिंदू सरळ रेषेत येतात. एक्सेलमध्ये त्यासाठी 'एलएन' हे सूत्र आहे. तसेच १०५ अंशांवर वाळवताना जिरे, दालचिनी अशा द्रव्यांतील उडनशील तेलही काही प्रमाणात उडते. वजनातील सारी घट म्हणजे पाणी, असे सुगंधी द्रव्यांच्या चूर्णात धरता येत नाही. संगणक यातले काहीच सांगणार नाही. ते वैद्याच्या द्रव्यज्ञानातूनच यावे लागते.

फार्मसीचालकांसाठी

बाहेरील प्रयोगशाळेकडून परीक्षण करून घेणाऱ्यांनी अहवालात केवळ 'योग्य' किंवा 'मर्यादेत' असा शेरा स्वीकारू नये. प्रत्येक वेळचा मूळ आकडा, परीक्षणाची तारीख आणि नमुना कसा ठेवला होता त्याची नोंद मागून घ्यावी. एकाच बॅचवर समाधान मानू नये. निदान तीन बॅचच्या रेषा एकाच आलेखावर काढून त्यांचे चढ जुळतात का, ते पाहावे. एका बॅचचा चढ इतरांहून फार वेगळा आला, तर कारण शोधल्याशिवाय सर्वांची सरासरी घेऊ नये. तीन बॅचपैकी सर्वांत लवकर मर्यादा गाठणारी बॅच जी मुदत सांगेल, तीच सर्वांसाठी धरावी.

सारांश, चढ ही एकच संख्या आपला कल्प कोणत्या वेगाने बदलतो ते सांगते. तिच्यासोबत एकक, नोंदींची संख्या, नोंदींचा कालावधी आणि साठवणुकीची स्थिती या चार गोष्टी लिहिल्या, तर ती शासकीय तपासणीतही उपयोगी पडते आणि रुग्णाच्या हिताचीही होते. लेबलवरील तारखेवर विश्वास ठेवून रुग्ण शेवटच्या महिन्यात डबी उघडतो. त्या महिन्यापर्यंत चूर्ण सवीर्य राहील, एवढी खात्री आपल्या वहीने द्यावी. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक फार्मसीने निदान एका लवणयुक्त चूर्णाच्या मासिक नोंदी सुरू कराव्यात आणि त्या संपूर्ण वर्षभर चालू ठेवाव्यात, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना आग्रहाची विनंती आहे.